काचेची जमीन

बसा असे दिव्याजवळ. विद्यापीठाचं ते ग्रंथालय मी बांधलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसलं तरी मी सांगितल्याशिवाय राहिलो नसतो. आपला तो बाब्या म्हणा हवं तर, पण पुस्तकांचं असं कोठार दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. चार मजले, आणि वरच्या प्रत्येक मजल्याची जमीन जाड काचेची. छतातून येणारा उजेड पार तळापर्यंत झिरपतो. काच मुद्दाम धुरकट घेतली होती. वर कोणी चाललं तर खालून टेकलेले तळवे तेवढे दिसतात, बाकी काही नाही.

त्याच काचा उपटून विद्यापीठाला लाद्या घालायच्या होत्या. वाचणाऱ्यांची तक्रार होती, की शेवटचा मजला रिकामा असतानाही वर कोणीतरी अनवाणी फिरतं.

"माझी काच खोटं दाखवत नाही," मी लेकीला म्हणालो. तीही माझ्यासारखीच वास्तुविशारद. "हातच्या काकणाला आरसा कशाला? तू वर जा, मी खालून बघतो."

"तुमच्या काचेला नावं ठेवली की बाबा, तुम्हाला घास जात नाही," असं म्हणून ती हसतच जिना चढली.

भर दुपार होती. लोखंडी जिना वाजत गेला आणि थांबला. जुन्या कागदांचा वास एकदम दाटून आला. डोक्यावर तिच्या बुटांचे नक्षीदार तळवे उमटले. मग समोरून, अगदी सावकाश, दोन अनवाणी तळवे आले. तिच्या बुटांना बोटं टेकवून उभे राहिले.

"बेटा... समोर कोण आहे?"

"कोणीच नाही, बाबा..."

"खाली ये. आत्ताच्या आत्ता..."

ती आली. "घाबरलात की काय?" म्हणत तिने माझा हात धरला. हात उबदार होता. जीव भांड्यात पडला, आणि सहज मी वर पाहिलं. तिच्या बुटांचे तळवे अजून तिथेच होते.

मी भांडलो, लोकांच्या पाया पडलो, पण एक काच हलू दिली नाही. लाद्या पडल्या असत्या तर माझी पोर मला पुन्हा कुठे दिसली असती? दर आठवड्याला जातो आणि मान वर करून उभा राहतो. "बाबांना इमारतीचा केवढा अभिमान!" असं घरी आलेली लेक सगळ्यांना कौतुकाने सांगते. आहेच मला अभिमान. माझी काच खोटं दाखवत नाही.

परवा मात्र तिथे बूट नव्हते. अनवाणी तळव्यांच्या दोन जोड्या होत्या... दोन्ही जिन्याकडे तोंड करून.