ठोके पासष्टच्या आत

"ठोके ब्याण्णव!" नर्सने आदेमारचं मनगट सोडलं. "पासष्टच्या आत आल्याशिवाय हृदयाचं चित्र स्पष्ट येत नाही. सकाळी कॉफी घेतलीत?"

"थेंबसुद्धा नाही."

"आणि येर्बाच्या पानांचा काढा?"

"तो घेणारच की! तुम्ही फक्त कॉफी नको म्हणालात."

येर्बातही कॉफीसारखंच कॅफीन असतं; नर्सने कपाळाला हात लावला. आमच्या पायसांदू शहरात आठवड्याला असा एक तरी शहाणा निघतोच. तिने ठोके उतरवायची गोळी देऊन त्याला तासभर बाहेर बसवलं... थोरल्या बहिणीशेजारी, जिच्याशी तो एकोणीस वर्षं बोलला नव्हता! सोबत कुणीतरी हवंच, हा दवाखान्याचा नियम, म्हणून नाइलाज.

आई गेल्यावर या बहिणीने, सुल्माने, त्याला वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं. पण बाबांचं दुखणं तिने त्याला ते गेल्यावरच कळवलं. त्या दिवशी तिने दिलेला येर्बाचा तुंबा, म्हणजे काढा प्यायचा वाळक्या भोपळ्याचा पेला, परत करताना तो "धन्यवाद" म्हणाला. आमच्याकडे एकच तुंबा आळीपाळीने फिरतो, आणि हा शब्द उच्चारला, की तुमच्यासाठी पुन्हा तुंबा भरत नाहीत. तो घाव ती मूकपणे उरात वागवत आली होती.

"बाबांसारखी नळी घालणार का गं आत?" भिंतीकडे बघत त्याने विचारलं.

"नाही रे. हातात सुई टोचून औषध सोडतात, आणि श्वास रोखायचा. यंत्र बाहेरूनच बघतं."

"बाबांना नळी घातली, तेव्हा मला का नाही बोलावलंस?"

सुल्मा त्याच्याकडे वळली. "त्यांनीच शपथ घातली होती... पोराची शेवटची परीक्षा आहे, कळवू नकोस म्हणाले."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलीस, ताई?"

"माझ्यावर रागावून तुला जगता येत होतं. गेलेल्या बापाशी कसा भांडला असतास, राजा?"

आदेमार तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिला. बऱ्याच वेळाने नर्सने पुन्हा ठोके मोजले. एकसष्ट!

"गोळी लागू पडली," ती म्हणाली. सुल्माने वाद घातला नाही.

आतून "श्वास रोखा" ऐकू आलं, तेव्हा बाहेर तिनेही रोखला. दुपारी डॉक्टरांनी चित्र दाखवलं: एक रक्तवाहिनी किंचित अरुंद होती, सध्या औषधांवर भागणार होतं.

दवाखान्याच्या पायरीवर सुल्माने थर्मास उघडला आणि तुंबा भरून त्याच्या हातात दिला. तुंब्यातल्या धातूच्या नळीतून शेवटचा घोट खळखळेपर्यंत तो प्यायला आणि त्याने तुंबा परत केला. ती त्या एका शब्दाची वाट बघत थांबली...

तो काहीच बोलला नाही.

मग आपला घोट घेऊन तिने त्याच्यासाठी पुन्हा तुंबा भरला.