मूकवाचनातला आवाज

तिसरी-चौथीच्या वर्गात मूकवाचन चाललं होतं आणि ते ऐकायला पलीकडच्या वर्गातून गुंजाळबाई आल्या होत्या. मूकवाचन ऐकायचं म्हणजे काय, असं कुणी पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण आता प्रत्येक मुलाच्या गळ्यात बोटभर रुंदीची कंठपट्टी होती. मनात वाचतानाही आपली जीभ आणि गळा अगदी बारीक हलतात. पट्टी ती हालचाल टिपायची आणि शिक्षकाच्या टॅबवर तिचा आवाज करून द्यायची. मूल कुठे अडतंय ते कळावं, एवढ्यासाठी ही सोय.

त्या वर्गाच्या शिक्षिका ऋतुजा वाकचौरेनं टॅबवर ईश्वरी भांगरेच्या नावाला बोट लावलं. वाचन ऐकू आलं आणि गुंजाळबाईंनी ढब लगेच ओळखली. 'आणि'वर रेंगाळणं, वाक्य संपताना आवाज किंचित उचलणं, सगळं ऋतुजाचं. खाली आकडाही होता : वाचनाची ढब, ऋतुजा मॅडम ८४ टक्के.

"ज्याच्याकडून वाचायला शिकतात ना बाई, त्याच्यासारखंच मनात वाचतात," ऋतुजा म्हणाली.

"पहिली-दुसरी माझ्याकडे होती ती," गुंजाळबाई म्हणाल्या आणि उठल्या.

शाळा दोन शिक्षकांची. दोन वर्षं बाईंनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर अक्षरं काढून त्या पोरीपुढे मांडली होती, तिचं बोट धरून ओळीखालून फिरवलं होतं. पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. आणि ही जूनमध्ये रुजू झालेली, दिवाळीपर्यंत ईश्वरी हिच्या ढबीत वाचायला लागली! रांधलं आम्ही आणि वाढायला ही, असं बाईंना झालं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा इतका हेवा केला नव्हता.

त्यात महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी ईश्वरीचं मूकवाचन चाळीस शिक्षकांना ऐकवलं. "चौऱ्याऐंशी टक्के! याला म्हणतात शिकवणं!" टाळ्या पडल्या. ऋतुजा उठून "सर, तो आकडा खरं तर..." असं काहीतरी म्हणत होती, पण कुणी ऐकलं नाही. नम्रपणाचा नखरा, बाईंनी मनातल्या मनात शेरा मारला.

पुढच्याच आठवड्यात ऋतुजा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली आणि चारही वर्ग बाईंकडे आले.

पट्टीला कानाशी लावायची एक गुंडी होती. मूल अडलं की ती शिक्षकाच्या आवाजात पुढचा शब्द कुजबुजायची. ऋतुजानं तिथे स्वतःचा आवाज भरला होता आणि मदत अगदी कमीवर ठेवली होती. मूल बराच वेळ अडलं तरच शब्द मिळायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी ईश्वरीच्या पट्टीत स्वतःचा आवाज भरला. टॅबवरची मदतीची खूण कमीवरून सरकवत अगदी जास्तीपर्यंत नेली. आता प्रत्येक शब्द ईश्वरीच्या नजरेआधी तिच्या कानात पोचू लागला.

आपण करतोय ते बरोबर नाही, हे त्यांना कळत होतं. पण संध्याकाळी टॅबवर 'गुंजाळबाई ३१ टक्के' दिसलं, दुसऱ्या दिवशी ५८, आणि कळणं मागे पडलं. आठव्या दिवशी आकडा ९७ झाला. टॅबमधून ईश्वरी वाचत होती आणि ते हुबेहूब बाईंचं वाचन होतं. बाईंनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

ऋतुजा परतली ती थेट टॅबकडे गेली. आकडा पाहून म्हणाली, "अरे देवा, सत्त्याण्णव!"

"काय गं? माझा जास्त आला म्हणून वाईट वाटलं?" बाईंनी विचारलंच.

"बाई, हा आकडा खाली आणायचा असतो. सुरुवातीला सगळी मुलं शिक्षकाच्याच ढबीत वाचतात. ईश्वरी पंचाण्णववर होती. दिवाळीनंतर चार महिने खपून मी चौऱ्याऐंशीवर आणली होती. उरलेले सोळा तिचे स्वतःचे होते. परिषदेत तेच सांगत होते मी."

बाईंनी ईश्वरीला हाक मारली, तिच्या गळ्यातली पट्टी आणि कानाची गुंडी स्वतःच्या हातांनी काढली आणि न वाचलेल्या धड्याचं पान पुढे ठेवलं. "वाच बाळा. मनातच वाच."

ईश्वरी पानाकडे बघत राहिली. तिची नजर पहिल्या शब्दावरून हलेना.

"काय झालं?"

"तुम्ही बोलतच नाही, बाई."

"मी कशाला बोलू? तू वाच ना."

पोरीनं रडकुंडीला येऊन बाईंचा पदर धरला.

"आधी माह्या डोक्यात एक बारीक आवाज यायचा बाई. अडखळत, चुकत वाचायचा. तुम्ही वाचायला लागल्यावर तो गप्प बसला. आता तुम्ही गप्प बसल्या, तर तो परत येईल का?"