आधी येऊन गेलेली

१९६२ साली मी कळंबला घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग. लोकांच्या आयांचं सगळं करून घरी पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. माझी स्वतःची आई पिंजारलेल्या केसांनी दारात वाट पाहत बसलेली असायची. आज तिची वेणी घालू, असं मी रोज ठरवायची आणि ताटावरच डुलक्या घ्यायची. फार लाज वाटायची मला.

गावाजवळच्या बंजारा तांड्यावर जमनाबाई लकव्यानं खाटेला खिळली होती. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी तिच्याकडे गेले, तर तिची सून सुखीबाई अंगणातच म्हणाली, "शोभाबाई, काही राह्यलं काय? तुमी तं आत्ताच गेल्या."

म्हटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं. आत गेले. जमनाबाई डाव्या कुशीवर होती. पाठीवर पावडर, पट्टी ताजी, खोलीत स्पिरिटचा वास. चादरीचे कोपरे दवाखान्यात आम्हाला शिकवलं होतं तसे दुमडलेले. तांड्यावर तसे दुमडणारी मी एकटीच.

"कोणी केलं हे?"

"तुमीच," सुखीबाई म्हणाली आणि टकामका माझ्याकडे पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. पुढे मी विचारणंच सोडलं. खरं सांगते, बरं वाटलं. जखम भरत होती, माझी कंबर वाचत होती. आयता आराम कोण सोडतो? एके दिवशी पिशवी न उघडता मी खाटेशी नुसती टेकले.

जमनाबाई डोळे मिटूनच बोलली. "तुह्या आधी येते, थे चांगली."

"काहून, मावशी?"

"थे घाई नाई करत. तुहं ध्यान घरी रायते."

झोंबलं, कारण खरं होतं. मी उठले आणि तडक घरी निघाले. कितीतरी महिन्यांनी उन्हं असताना घरी पोचत होते. आज आईजवळ बसायचं, तिची वेणी घालायची, एवढंच मनात होतं.

आई दारातच होती. अंगावर धुतलेलं लुगडं. नखं कापलेली. केसांना तेल, घट्ट वेणी.

"आई," मी म्हटलं.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. परक्या बाईकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"हळू बोला, बाई. माही शोभा आत्ताच निजली. लय थकते पोर."

आत खाट करकरली.