बुजवलेलं दार

जरा जवळ सरका, आणि ते मोबाइल खिशात घाला आधी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा एक गवंडी मित्र आहे, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. हा माणूस देवालाही सहजासहजी हात जोडत नाही, भुताचं तर नावच सोडा.

मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. धाकट्या बहिणीने नव्या घरात बिऱ्हाड मांडलं होतं, तिथली गळती बघायला तो गेला. लाल विटांचं तीन मजली घर, दोन्हीकडच्या घरांना खेटून उभं. खिडक्यांवर विटांच्याच कमानी. आधी कुणा वकिलाचं होतं, मग तिथे छापखाना आला, मग भाडेकरू. प्रत्येकाने सोयीप्रमाणे एखादं दार बुजवलं, एखादी खिडकी फोडली. मधल्या मजल्यावर अशाच एका बुजवलेल्या दाराला लागून भाचीचा पलंग होता.

"मामा, रात्री भिंतीत कुणीतरी खरवडतं," भाची म्हणाली.

"उंदीर असतील हो," मेहुणे घाईघाईने म्हणाले. "तिच्या डोक्यात काही भरवू नका, दादा."

मित्राच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस काहीतरी लपवतोय.

जेवणं झाल्यावर त्याने तिथला गिलावा पाडला. आत जुन्या चुन्याचं बांधकाम. आता नीट ऐका. गवंडी ज्या बाजूला उभा असतो, तिकडचे विटांमधले सांधे तो थापीने सारखे करतो. पलीकडे चुन्याचा माल ओघळून तसाच सुकतो.

खोलीच्या बाजूला ओघळ होते.

म्हणजे बांधणारा भिंतीच्या आत होता... आणि पलीकडे शेजारच्या घराची सलग भिंत, आत जायला दुसरी वाटच नव्हती.

"मेहुणे, खरं सांगा."

मेहुण्यांची मान खाली. "मालक म्हणाले होते, तिथे कुणाला झोपवू नका. मला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय."

"आणि तरी पोरीला तिथे झोपवलंत?" बहीण कडाडली. भीतीपेक्षा तिला रागच जास्त आला होता.

मित्राने एक वीट काढली. टॉर्च मारला. हातभर पोकळी. रिकामी. आतले सांधे मात्र सुरेख, गुळगुळीत.

काढलेली वीट तिथेच जमिनीवर सोडून, खोलीला कुलूप लावून सगळे खाली झोपले. किल्ली मित्राच्या खिशात. मेहुण्यांवर त्याचा अजून विश्वास नव्हता, म्हणून मुद्दाम त्यांच्याच शेजारी पडला.

मध्यरात्र उलटली.

खर्र...

मेहुणे शेजारीच होते. जागे. घामाने भिजलेले.

खर्र... खर्र...

मग थापीचा आवाज. सावकाश. बहिणीने पोरीचे कान झाकले...

उजाडल्यावर मित्राने कुलूप काढलं. वीट जागेवर बसलेली होती. घरात चिमूटभर चुना नव्हता, तरी तिच्या कडांनी चुना या बाजूला ओघळला होता, आणि भाचीच्या उशीवर त्याचा एक गोळा पडला होता.

मित्राने बोट लावून पाहिलं.

ओला होता.