बदललेल्या गोळ्या

"वहिनी, आईला झोपवून झोपवून मारायचं ठरवलंयस का तू?"

नणंदेचे शब्द ऐकले आणि तिच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. सासूबाईंच्या आजारपणासाठी औषधाच्या दुकानातली बारा वर्षांची नोकरी जिनं हसतमुखानं सोडली, तिनं हे ऐकायचं...! कुणी एक नटी म्हणे सासूबाई घेत तीच झोपेची गोळी खाऊन गेली, आणि टीव्हीवाल्यांनी आठवडाभर तेच दळण लावलं होतं. त्या नटीनं मूठभर खाल्ल्या होत्या, त्याही दारूबरोबर, हे मात्र कुणाच्या कानात शिरत नव्हतं. सासूबाई पाच वर्षं रोज एकच घेत होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं.

"डॉक्टरांना विचारू, ते म्हणतील तसं करू," ती एवढंच म्हणाली. नणंद तणतणत आईच्या खोलीत गेली.

चौथ्या दिवशी सासूबाईंचे हात थरथरू लागले. दरदरून घाम, डोळ्याला डोळा लागेना. आठवड्याच्या गोळ्या रविवारी खणांच्या डबीत भरून ठेवायची तिची पद्धत. तिनं डबीतली गोळी तळहातावर घेतली. तशीच पांढरी, तेवढीच... पण मधली चीर कुठाय? ही तर साधी व्हिटॅमिनची गोळी! ती डॉक्टरांना फोन लावतेय तोवर सासूबाईंना फिट आली.

"गोळी एकदम कुणी तोडली?" दवाखान्यात डॉक्टर कडाडले. "बंद करायची तर महिनोन्महिने थोडी थोडी कमी करायची असते. जिवावर बेतलं होतं त्यांच्या."

नवरा तिच्याकडे वळला. "डबी तूच भरतेस ना?"

बाकावर नणंद पांढरीफटक पडली होती. हिनं काय केलं ते कळलं तर भाऊ हिला जन्मात घरात घेणार नाही...

"हो. माझीच चूक झाली."

"मग यापुढे आईच्या औषधाला हात लावायचा नाही."

तिनं मान खाली घातली.

"दादा, तिनं नाही, मी बदलल्या," नणंद हुंदका आवरत म्हणाली. "मला वाटलं, मी आईला वाचवतेय..."

नवऱ्याला बायकोकडे बघवेना. तेवढ्यात नर्स बाहेर आली. "शुद्धीवर आल्यात. पण एकालाच आत सोडते."

नणंद धडपडत उठली, दारापर्यंत गेली, आणि थांबली.

"वहिनी, तू जा. आईला काय होतंय ते तुला बघून कळेल. मी नुसती रडत बसेन."


तिनं नणंदेचे डोळे पुसले, आणि ती आत गेली.