आधी आलेला आवाज

हसणार नसाल तर सांगते. मी मुळातच घाबरट. बाळ झोपलं की त्याच्या नाकासमोर बोट धरून बघणाऱ्या आयांपैकी एक. सासूबाई वैतागायच्या, "अगं, तू तपासतेस म्हणूनच उठते ती. झोपू दे की पोरीला!" शेवटी मी शब्द दिला, चिमी रडल्याशिवाय तिच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. शब्द पाळता यावा म्हणून बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र आणलं, आणि भांड्यांबरोबर मीच ते सिंकमध्ये बुडवलं. आमचं कौशल्य!

नवरा गिटार वाजवतो. कार्यक्रमासाठी तो बाहेरगावी होता, पण त्याचं जुनं पेडल घरीच होतं. पेडल म्हणजे पायाने दाबायच्या बटणांची जड पाटी. गिटारचा आवाज एका भोकातून आत जातो, आवाज बदलणाऱ्या इफेक्ट्सच्या रांगेतून फिरतो आणि दुसऱ्या भोकातून स्पीकरकडे निघतो. फोनवर म्हणाला, "गिटारच्या जागी माईक लाव. माईक पाळण्याशी, स्पीकर स्वयंपाकघरात. लहान मूलसुद्धा करेल."

परवा दुपारी मी ते जोडलं. आधी नुसती शांतता.

"नॉइज गेट खाली आण," तो म्हणाला. "बारीक आवाज तो दारातच अडवतो."

मी बटण फिरवलं, आणि स्पीकरमधून चिमीचा श्वास आला. मऊ, जरासा चोंदलेला. फोन ठेवून मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. कितीतरी दिवसांनी माझे खांदे खाली आले होते.

मग स्पीकरमधून ती रडली. मध्येच एक उचकी, पुन्हा रडणं. मी धावले.

चिमी गाढ झोपेत होती. मुठी डोक्याशी, गालावर उशीचा वळ. मी वाकून बघत होते तेवढ्यात तिने डोळे उघडले, ओठ काढला आणि रडायला लागली. मध्येच एक उचकी... पुन्हा रडणं.

"बघ, आईला आधीच कळतं ते असं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या.

मी चिमीला पुन्हा झोपवलं. माझी एक बिनशब्दांची चाल आहे, तीच गुणगुणत. स्वयंपाकघरात परत आले तर स्पीकरमधून शिंक आली. आणि घडी अर्धवट हातात असताना, तिच्या खोलीच्या उघड्या दारातून, खरी शिंक.

पाटीवर डिलेचा दिवा जळत होता. डिले म्हणजे आवाजाचा उशिरा येणारा पडसाद, एवढं संसारात शिकलेय. स्वतःच्या बावळटपणावर हसून मी तो बंद करायला वाकले. दिवा विझला. पण कोपर लागून शेजारचं बटण फिरलं, आवाज आणि पडसाद यांच्यातलं अंतर कमी-जास्त करणारं.

हसू नंतर विरलं. पडसाद मागून येतो... हा पुढून येत होता.

आता स्पीकरमध्ये चिमी खोकली. मी दाराकडे कान लावून उभी राहिले. काही नाही. नळातून थेंब पडत होता. गरम कपड्यांचा वास येत होता. खूप वेळाने, मला वाटायला लागलं की माझंच डोकं फिरलंय, तेव्हा आतून खोकला आला. अगदी तसाच.

अंतर वाढलं होतं. मी बटणाकडे हात नेला. आणि स्पीकरमधला श्वास थांबला.

मंद झाला नाही. थांबला.

मी कशी पोचले ते आठवत नाही. पाळण्यातून तिला ओढूनच काढलं. गरम, जड, झोपमोड झाली म्हणून चिडलेली. श्वास घेत होती. तिला छातीशी धरून पुन्हा स्वयंपाकघरात आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, श्वास थांबला कारण मीच तिला माईकपासून उचलणार होते! मी रडले की हसले, देव जाणे.

नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "पाटीची मागची बाजू दाखव," तो म्हणाला. मी फोन पाटीमागे धरला.

"अगं, तू सगळं उलटं जोडलंयस. माईक बाहेर जायच्या भोकात, स्पीकर आत यायच्या. असं केलं तर आवाजच येत नाही."

"येतोय पण."

तेवढ्यात स्पीकरमध्ये श्वास पुन्हा सुरू झाला. चिमी माझ्या कडेवर होती. मग माझी चाल, माझ्याच आवाजात. गुणगुणणं मध्येच तुटलं, आणि मी, दबक्या आवाजात, म्हणाले, "कोण आहे?"

त्यावर चिमीचं हसू. खिदळणं नव्हे. ओळखीचं माणूस दिसलं की हुंकारत हसते, ते.

"कोणाशी बोलतेयस?" फोनमधून नवऱ्याने विचारलं.

मी सगळ्या केबल उपटल्या. त्या दिवसापासून पाळणा आमच्या खोलीत होता. नवरा आला, त्याने सगळं सुलट जोडून पाहिलं, आणि पेडल नीट चाललं. स्पीकरमधून माझा आवाज कसा आला, यावर मात्र तो विषय बदलतो.

आज मी अंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाईंनी पाळणा परत जुन्या खोलीत नेला. "पुरे झाली थेरं," म्हणाल्या. चिमी कुरकुरत होती, तर सवयीने, दारातून आत जाता जाता, मी ती चाल गुणगुणायला लागले. मग लक्षात आलं, त्या दिवशी स्पीकरमधून हेच आलं होतं.

आता मी पाळण्याशी उभी आहे. तोंडावर हात घट्ट दाबलाय. काही झालं तरी विचारणार नाही.

चिमी माझ्या खांद्यापलीकडे, मागे बघतेय. अजून हसलेली नाही.