डिसोटोची सहा अक्षरं

"नंदा, फ्रिजवरचं मॅग्नेट घेतलंस?"

"घेतलं! पण ताई, हे हॉस्पिटलच्या फोन नंबरचं आहे."

"असू दे. आता कुणाला फोन करायचाय?" पद्मिनीने ते खिशात टाकलं आणि सायकलवर टांग मारली. मागे बसली आठ वर्षांची धाकटी बहीण नंदा, पुढे दांडीवर चुलतभाऊ विक्रम. वेस्ट विंडसरच्या मैदानावरचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन दुपारी संपणार होतं. आणि काल विक्रमने तिथे बाबांची गाडी पाहिली होती!

बाबा फेब्रुवारीत गेले. गाडी तेव्हा वॉल्ट मेकॅनिककडे होती. गिरीशकाकांनी फोन केला, तर तो म्हणाला, "ती डिसोटो? भंगारात गेली." काकांनी मान्य केलं. पुढे कपाटात गाडीचा कागद सापडला, पण त्यावर नाव होतं प्लिमथ. "ही दुसरीच कुठलीतरी गाडी," म्हणत काकांनी तो ड्रॉवरमध्ये कोंबला.

पद्मिनीला मात्र ठाऊक होतं. प्लिमथ, डॉज, डिसोटो या एकाच घरच्या बहिणी. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच सांगाड्यावर कधी एकीचं नाव बसायचं, कधी दुसरीचं. आजोबांची टॅक्सी डिसोटो होती. ती मोडीत निघाली तेव्हा बाबांनी तिच्या नावाची सहा इंग्रजी अक्षरं काढून घेतली. पुढे अमेरिकेत जुनी प्लिमथ घेतली आणि तिच्या बॉनेटवर ती बसवली. ड्रिल सटकून पत्रा चांगला लांबपर्यंत फाटला! बाबा दोन दिवस स्वतःलाच हसत होते.

"बघ, लाल रंग मारलाय," विक्रम कुजबुजला. "पण मागच्या सीटवर आपण सांडलेला आमरस तस्साच आहे!"

"आपण नाही, तू सांडलास!" नंदा म्हणाली.

गाडीवर पाटी होती : 'प्लिमथ, १९५१. विकणे आहे.' शेजारी वॉल्ट खुर्ची टाकून बसला होता.

विक्रम सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मिस्टर वॉल्ट, हिला सिलिंडर किती?"

"सहा."

"आठ का नाहीत?"

"नाहीत म्हणून नाहीत!"

"बसवता येतील?"

वॉल्ट वैतागून त्याला समजावू लागला, तेवढ्यात पद्मिनीने मॅग्नेट बॉनेटला लावलं. टक्! चिकटलं. हळूहळू ते पुढे सरकवलं, जिथे पूर्वी अक्षरं होती तिथवर. मॅग्नेट घसरून गवतात पडलं. पत्रा नव्हताच तिथे, फाट बुजवायला भरलेली नुसती पुट्टी!

तिने ड्रायव्हरचं दार उघडलं. खांबावर नंबरची पट्टी होती. ड्रॉवरमधून आणलेला कागद खिशातून काढून तिने एकेक आकडा ताडून पाहिला.

"ए मुली! हात लावायचा नाही!" वॉल्ट धावत आला. "गाडी माझी आहे. कागद मागाहून येतायत."

"कुठून येणार?" पद्मिनी म्हणाली. "कागद तर माझ्याकडे आहे."

तेवढ्यात नंदाने गेटवरच्या पोलिसाला बाही धरून ओढत आणलं. त्याने पट्टी वाचली, कागद वाचला, आणि वॉल्टला बाजूला घेतलं.

पद्मिनीने एवढंच विचारलं, "अक्षरं कुठे आहेत?"

वॉल्टने खांदे उडवले. "ती? कचऱ्यात गेली, मार्चमध्येच."

संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली. मृणालिनीकाकूंनी पेढे वाटले. गिरीशकाकांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना हाक मारली. "शाब्बास! शोभतेस दादाची मुलगी! डोकं बघा पोरीचं! अगं, पण प्लिमथ आणि डिसोटो एकच, हे मला आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं, काका," पद्मिनी म्हणाली. "तीनदा. तुम्ही म्हणालात, मोठ्यांच्या कामात बोलू नकोस."

काकांनी तिच्या हातात पेढा ठेवला. मग घाईने म्हणाले, "बरं, अक्षरांचं काय मनावर घेतेस! गाडी तर मिळाली ना?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विक्रमने वाजवल्या नाहीत.

पद्मिनी स्वयंपाकघरात गेली. खिशातलं मॅग्नेट काढून तिने फ्रिजवर होतं तिथेच लावलं. बाबांच्या आजारपणापासून आईला ते तिथे बघायची सवय होती.